चर्मण्वतीचा शाप आणि ग्वाल्हेरचें वैभव

उत्तर हिंदुस्थानांतील नद्यांमध्यें पुण्याची वांटणी फार विषम झालेली आहे. गंगायमुनांना देवतांचें पद मिळालें. नर्मदेच्या परिक्रमेचें माहात्म्य घरोघर सांगितलें जातें. क्षिप्रेसारख्या लहानशा नदीच्या कांठीं बारा वर्षांनीं सिंहस्थाचा मेळा भरतो. पण महूनजीक विंध्याद्रीच्या जनापाव डोंगरावर उगम पावून, त्याच क्षिप्रेला पोटांत घेऊन, माळवा, हाडौती आणि ग्वाल्हेर प्रांत ओलांडीत हजाराच्या जवळपास किलोमीटर चालून यमुनेला मिळणाऱ्या चंबळेच्या वांट्यास या पुण्यापैकीं फारच थोडें आलें. केशवरायपाटणासारखें एखादें क्षेत्र सोडलें, तर या नदीवर ना घाटांच्या रांगा, ना पर्वण्यांची गर्दी.

याचें कारण लोक शाप असें सांगतात. महाभारतकारांनीं तिला चर्मण्वती हें नांव दिलें आणि त्याची उपपत्तीहि सांगून ठेविली. रंतिदेव राजाच्या घरीं अतिथींसाठीं इतके पशु मारले जात, कीं त्यांच्या ओल्या चामड्यांच्या राशींतून जें निथळलें त्याचीच ही नदी झाली. कालिदासाला मात्र या कथेंत किळस वाटण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं. मेघदूतांत त्यानें मेघाला या नदीवर वांकून तिचा मान राखावयास सांगितलें आहे. कारण ती त्याच्या दृष्टीनें रंतिदेवाची प्रवाहरूप झालेली कीर्तिच होती. लोकमानसानें कवीचें ऐकलें नाहीं. कांठच्या गांवांत याहून निराळी एक कथा प्रचलित आहे: कौरवपांडवांचें द्यूत या नदीच्या तीरीं झालें, आणि विटंबना झालेल्या द्रौपदीनें शाप दिला, कीं जो हें पाणी पिईल त्याच्या मनांत सूडाची तहान उत्पन्न होईल. कथा खरी कीं खोटी हा प्रश्न येथें गौण आहे. तिचा परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे. ज्या नदीला माणसांनीं दूर ठेविलें, त्या नदींत इतर नद्यांतून हद्दपार झालेले जलचर जीव धरून राहिले. आणि या नदीपासून पन्नास-साठ किलोमीटरांवर जें शहर वसलें, तें मराठी माणसाच्या इतिहासांत आणि गाण्यांत जितकें शिरलें आहे तितकें दिल्लीहि शिरलेलें नाहीं. नदी आणि शहर यांचा एकत्र विचार आपल्याकडे क्वचितच होतो, म्हणून हा प्रपंच.

कोट्याच्या खालीं चंबळेचें रूप पालटतें. वर ती खडकांच्या खोल कपारींतून वाहते. खालीं मऊ गाळाचा सपाट प्रदेश लागतो आणि त्या मातीला पावसाच्या पाण्यानें चिरून चिरून हजारों घळी पाडिल्या आहेत. स्थानिक भाषेंत यांना बीहड म्हणतात. नदीच्या दोन्ही तीरांस कित्येक किलोमीटर आंतपर्यंत या मातीच्या भिंती, वळणें आणि बोळ पसरलेले असून आंत शिरलेल्या नवख्या माणसाला बाहेरची वाट सांपडणें कठीण. घळ दरसाल मागें मागें सरकत शेत खाते. हिवाळ्यांत मुरैना आणि भिंड या जिल्ह्यांत मोहरीच्या पिवळ्या फुलांनीं डोळे निवतात, परंतु त्या पिवळ्या पटाची कड कोठें तुटेल याचा शेतकऱ्याला भरंवसा नसतो. अशा भूमींत मोठें शहर वसत नाहीं, कारखाना उभा राहत नाहीं, आणि म्हणून कोट्याच्या पुढें नदींत मैलाहि फारसा पडत नाहीं. पाणी नितळ, कांठ वाळूचे, मधून मधून खोल डोह; एवढें असलें म्हणजे घडियालाला आणखी कांहीं लागत नाहीं.

आपण मराठींत सुसर आणि मगर हे शब्द बोलतांना बहुधा अदलाबदलीनें वापरतों. त्यांपैकीं सुसर हा शब्द संस्कृत शिशुमाराच्या कुळांतला दिसतो. आणि गंमत अशी, कीं त्याच शिशुमारापासून निघालेला सूंस हा हिंदी शब्द गंगायमुनांच्या कांठीं भलत्याच प्राण्याला, म्हणजे नदींतील डॉल्फिनाला, लावितात. घडियाल हा मगरीहून अगदीं वेगळा. मगरीचें तोंड रुंद. याचें लांब, चिंचोळें, सांडशीसारखें, आणि त्यांत शंभरावर बारीक दांत एकमेकांत गुंतलेले. हें हत्यार माशांसाठीं आहे, माणसासाठीं नव्हे. प्रौढ नराच्या नाकाच्या टोंकाशीं मडक्यासारखा एक गोळा वाढतो. त्याला लोक घडा म्हणतात आणि त्यावरूनच प्राण्याला नांव पडलें. पांच मीटरांपर्यंत वाढणारा हा प्राणी पाण्यांत बाणासारखा जातो, पण जमिनीवर प्रौढ घडियालाला पोट उचलून चालतां येत नाहीं. तो वाळूवरून घसरत घसरत सरकतो. यामुळें उन्हाला पडण्यासाठीं आणि अंडीं घालण्यासाठीं त्याला पाण्याला लागून असलेली वाळूच हवी. मार्च-एप्रिलच्या सुमारास मादी रात्रीं वाळूंत खळगा करून तीस-चाळीस अंडीं पुरते. ज्येष्ठाच्या कडक उन्हांत तीं उबतात आणि पावसाळा लागण्याच्या थोडें आधीं पिल्लें बाहेर येतात. मग एखादा मोठा नर डोहांत उभा राहतो आणि शेंकडों पिल्लें त्याच्या पाठीवर, डोक्यावर, जेथें जागा मिळेल तेथें चढून बसतात. एवढा राखणदार असूनहि पहिल्या पुरांत बहुतेक पिल्लें वाहून जातात. प्रजा टिकावी म्हणून निसर्गानें संख्या दिली. पण वाळूच काढून नेली तर संख्या कोठून येणार?

याच वाळूवर दुसरेहि भाडेकरी आहेत. पाणचिरा हा पक्षी त्यांतला मोठा विलक्षण. त्याच्या चोंचीची खालची फळी वरच्याहून लांब असते. ती पाण्यांत बुडवून तो पाण्याच्या पृष्ठालगत उडत जातो आणि पाणी चिरल्याची रेघ मागें सोडतो. नदीच्या मध्यावर उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर तो घरटें करितो. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें, कीं बेट कांठाला जोडलें जातें आणि गांवचीं कुत्रीं व कोल्हे तेथें चालत पोंचतात. वरच्या धरणांतून एकाएकीं पाणी सोडलें, कीं अंडीं बुडतात. हिवाळ्यांत उत्तरेकडून चक्रवाकांचीं जोडपीं येतात. रात्रीं नदीच्या दोन तीरांवर विरहानें आक्रंदणारीं हीं पाखरें ज्यांनीं केवळ संस्कृत काव्यांत पाहिलीं आहेत, त्यांनीं तीं येथें दिवसां पाहावीं: नारिंगी रंगाचीं, धष्टपुष्ट, आणि विरहाचें कसलेंहि चिन्ह नसलेलीं. सारस, पाणमांजर, आणि लाल टाळूचें मोठें कासव हेहि येथलेच रहिवासी. हें कासव एके काळीं गंगेच्या सगळ्या परिवारांत होतें. आज त्याची नांवाजण्याजोगी वस्ती चंबळेखेरीज जवळजवळ कोठेंच उरलेली नाहीं. सूंस, ज्याला २००९ सालीं भारताचा राष्ट्रीय जलचर ठरविण्यांत आलें, तोहि या नदीच्या खोल डोहांत आहे.

या जलचरांची आणि ग्वाल्हेर शहराची एकत्र भेट घडवून देणारा एक जुना लेखक आहे, आणि तो आहे बाबर. आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानच्या पशुपक्ष्यांचें जें वर्णन त्यानें केलें, त्यांत मगर, घडियाल आणि सूंस या तिघांचीहि नोंद आहे; सूंसाला तो पाण्यांतलें डुक्कर म्हणतो. पुढें १५२८ च्या सप्टेंबरांत तो धोलपुराहून चंबळ उतरून ग्वाल्हेरीस आला. मानसिंह तोमराचा वाडा त्यानें हिंडून पाहिला. वाड्याच्या खोल्या त्याला अंधाऱ्या आणि रचना विस्कळित वाटली, तरी इमारत अद्भुत आहे हें त्यानें मान्य केलें. आणि तेथल्या बागेंतील तांबड्या कण्हेरीवर तर तो इतका खूष झाला, कीं त्यानें ती आग्र्यास नेऊन लाविली. फुलांवर इतकें प्रेम करणाऱ्या या माणसानें त्याच फेरींत उरवाई घळींतील जैन मूर्ति फोडण्याचा हुकूम दिला. पंधराव्या शतकांत डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या अमदानींत कोरलेल्या या तीर्थंकरांपैकीं सर्वांत मोठी मूर्ति सुमारें सतरा मीटर उंच आहे. सुदैवानें एवढ्या मोठ्या मूर्ति फोडणें हेंहि कष्टाचें काम आहे. बहुतेकांचे मुखवटे गेले, देह राहिले, आणि नंतर श्रावकांनीं चुन्यानें कांहींचीं मुखें पुन्हां घडविलीं. रसिकता आणि क्रौर्य एकाच मनांत किती शेजारीं राहूं शकतात, याचें उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावें लागत नाहीं.

ग्वाल्हेरचा किल्ला हा एकट्या उभ्या असलेल्या वालुकाश्माच्या टेकडीवर, शहराच्या शंभरएक मीटर वर, सुमारें तीन किलोमीटर लांब पसरलेला आहे. पाहणाऱ्यानें तो घाईनें पाहूं नये. चढावरच्या चतुर्भुज मंदिरांत इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. त्यांत देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि दररोज वाहावयाच्या फुलांच्या माळा ५० असें कोरलेलें असून, त्या दोन आंकड्यांतील वाटोळें शून्य गणिताच्या इतिहासकारांना दूरदेशांहून येथें खेंचून आणतें. फुलांच्या माळांचा हिशेब ठेवणाऱ्या त्या कारकुनाला याची कल्पना कोठून असणार! वर तेली मंदिराचें उंच, तिरकस शिखर आणि १०९३ च्या सुमारास कच्छपघात राजा महीपालानें पुरें केलेलें सासबहूचें देऊळ हीं दोन्ही पाहण्यासारखीं आहेत. पण वाचकांचा वेळ मी तेथें घेणार नाहीं. मानमंदिरासमोर मात्र थांबलें पाहिजे.

मानसिंह तोमरानें १४८६ पासून १५१६ पर्यंत राज्य केलें. त्याच्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या मिन्याच्या फरशांचे पट्टे बसविलेले आहेत. त्यांत हत्ती आहेत, केळी आहेत आणि रांगेनें चाललेले पाणपक्षी आहेत. जुन्या इंग्रज वर्णनकारांनीं या पक्ष्यांना ब्राह्मणी बदकें, म्हणजे आपले चक्रवाक, म्हटलें आहे. तें खरें असेल, तर चंबळेच्या वाळूवर हिवाळ्यांत उतरणारा पाहुणा पांच शतकें किल्ल्याच्या भिंतीवर बसलेला आहे. पायथ्याशीं गुजरी महाल आहे. राजानें शिकारीच्या वेळीं पाहिलेली गुजर कन्या मृगनयनी हिनें, माझ्या गांवच्या नदीचें पाणी मला वाड्यांत मिळालें तरच मी येईन, अशी अट घातली आणि राजानें पाणी आणविलें, असें परंपरा सांगते. आज त्या महालांत वस्तुसंग्रहालय असून ग्यारसपूरची शालभंजिका तेथें ठेविलेली आहे. या एका मूर्तीसाठीं ग्वाल्हेरपर्यंतचा प्रवास करावा, असें माझें मत आहे.

मानसिंहानें धृपदाला आश्रय दिला. त्याच्या नांवावर असलेल्या मानकुतूहल या संगीतग्रंथाचा सतराव्या शतकांत फकीरुल्लानें फारसींत रागदर्पण या नांवानें अवतार केला. तानसेन याच भूमींतला. त्याची साधी कबर मुहंमद घौसाच्या भव्य दर्ग्याच्या आवारांत आहे, आणि शेजारच्या चिंचेचा पाला चावला असतां गळा गोड होतो या समजुतीनें गवयांनीं त्या झाडाची किती दैना केली असेल तें सांगणें नको.

आतां आपल्या माणसांकडे वळूं. चंबळ ही मराठ्यांच्या राजकारणांत केवळ नदी नव्हती, ती एक मर्यादा होती. १७३८ सालीं भोपाळच्या लढाईनंतर निजामानें पहिल्या बाजीरावाशीं जो तह केला, त्यांत नर्मदा आणि चंबळ यांच्या दरम्यानचा मुलूख मराठ्यांस देण्याचें कबूल केलें होतें. म्हणजे हिंदुस्थानच्या बादशाहींत मराठ्यांचा हक्क जेथें कागदावर संपत होता ती ही रेघ. पुढें तलवारीनें ती किती वेळां ओलांडिली हें सर्वश्रुत आहे. १८०४ च्या पावसाळ्यांत तर या नदीनें व तिच्या उपनद्यांनीं यशवंतराव होळकराच्या बाजूनें लढाईंत भाग घेतला असें म्हटलें तरी चालेल. कर्नल मॉन्सन मुकुंदऱ्याच्या खिंडींतून मागें फिरला, कोट्याच्या झालिमसिंहानें त्याला शहरांत घेतलें नाहीं, तोफा चिखलांत रुतून टाकाव्या लागल्या, आणि फुगलेल्या नद्या ओलांडीत ओलांडीत जी पलटण आग्र्यास पोंचली ती पलटण म्हणण्याजोगी राहिली नव्हती.

ग्वाल्हेरचा किल्ला महादजी शिंद्यांच्या हातून १७८० सालीं इंग्रजांनीं रातोरात घेतला, आणि मग कांहीं वर्षांतच महादजीनें तो परत मिळविला. महादजीची राजधानी उज्जैन. ग्वाल्हेरीस बिऱ्हाड आलें तें दौलतरावाच्या वेळीं. १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस त्याच्या फौजेनें तंबू ठोकले. तंबूंचीं घरें झालीं, घरांच्या आळ्या झाल्या, पण नांव लष्कर तें लष्करच राहिलें. छावणीचें शहर कसें होतें हें पाहावयाचें असेल, तर या पेठेंतून फिरावें. येथेंच १८५८ च्या जूनांत झांशीची राणी लढतां लढतां पडली. फुलबागेजवळ तिची समाधि आहे. त्यानंतर किल्ला अठ्ठावीस वर्षें इंग्रजांच्या ताब्यांत राहिला आणि १८८६ सालीं झांशीच्या मोबदल्यांत शिंद्यांस परत मिळाला. ज्या दोन नांवांची गांठ राणीच्या मरणानें पडली, त्यांचीच पुढें अशी अदलाबदल व्हावी, हा इतिहासाचा बरा विनोद नव्हे. जयाजीराव शिंद्यांचा जयविलास राजवाडा १८७४ चा. त्याच्या दरबारी दिवाणखान्यांतील दोन झुंबरें प्रत्येकीं कित्येक टन वजनाचीं असून, तीं टांगण्यापूर्वीं छताची परीक्षा पाहण्यास हत्ती वर चढविले होते, असें प्रत्येक पाहुण्याला सांगण्यांत येतें.

परंतु महाराष्ट्रावर ग्वाल्हेरचें जें ऋण आहे तें झुंबरांचें नव्हे, ख्यालाचें आहे. हद्दूखां, हस्सूखां आणि नत्थूखां या बंधूंनीं शिंद्यांच्या आश्रयानें जी गायकी घडविली, ती वासुदेवबुवा जोशांच्या गळ्यांतून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली आणि बाळकृष्णबुवांनीं ती दक्षिणेंत आणिली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तेव्हां ग्वाल्हेरचें गाणें मिरजेवरून पंजाबास पोंचलें. १९१८ सालीं भातखंड्यांच्या साहाय्यानें ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय निघालें. कृष्णराव शंकर पंडितांनीं तर जवळजवळ सारें विसावें शतक या गायकीची ध्वजा त्याच शहरांत उभी ठेविली. कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे यांनींहि १९४१ सालीं तेथेंच देह ठेविला.

ज्या दरबारानें गवयांना पोसलें त्याच दरबारानें रानें मोकळीं केलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्यांतली राजधानी आणि शिकारीची भूमि. तेथल्या वाघांवर बड्या लाटांचे आणि राजेरजवाड्यांचे नेम पिढ्यान् पिढ्या चालले. शेवटीं वाघ संपले. माधवराव महाराजांच्या मनानें आणखी एक गोष्ट घेतली. या प्रांतांतून सिंह एकोणिसाव्या शतकांतच नाहींसा झाला होता. तो पुन्हां आणावा, असें त्यांनीं ठरविलें. गीरचे सिंह मिळेनात, म्हणून आफ्रिकेंतून आणविले, श्योपूरच्या रानांत डोबकुंडास उंच भिंतींच्या आवारांत वाढविले, आणि मग मोकळे सोडले. माणसाच्या हातचें अन्न खाऊन वाढलेले ते सिंह गुरें मारूं लागले, पुढें माणसेंहि मारूं लागले, आणि एकेक करून नाहींसे झाले. हेतु वाईट नव्हता. पण जंगल म्हणजे जनावरें ठेवण्याची जागा, एवढीच समजूत त्याच्या मुळाशीं होती.

त्याच रानांतून चंबळेची उपनदी कूनो वाहते. गीरच्या सिंहांना दुसरें घर असावें म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस हें स्थान निवडलें गेलें आणि त्यासाठीं चोवीस गांवें उठविण्यांत आलीं. त्यांत बहुतेक सहारिया या आदिवासी जमातीचे लोक होते. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सिंह आणण्याची आज्ञाहि केली. सिंह आले नाहींत. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं तेथें नामिबियांतून आणलेले आठ चित्ते सोडण्यांत आले, आणि पुढच्या फेब्रुवारींत दक्षिण आफ्रिकेंतून आणखी बारा. हिंदी चित्ता १९५२ सालींच नामशेष म्हणून जाहीर झाला होता. कोल्हापूरच्या दरबारांत चित्त्यांकडून काळवीट धरविण्याचा षोक होता, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर तेथेंहि आफ्रिकेचे चित्ते आणवीत, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. नव्या प्रयोगाच्या मागें पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक शास्त्र आहे यांत संशय नाहीं. तरीहि सिंहांसाठीं म्हणून आपलीं घरें सोडलेल्या सहारियांना या बदलाविषयीं कोणीं विचारलें काय, हा प्रश्न मनांतून जात नाहीं.

नदीची कथा याहून निराळी आहे. घडियाल कोणीं हौसेनें पाळला नाहीं कीं पूज्य मानला नाहीं. कातड्यासाठीं, अंड्यांसाठीं आणि माशांच्या जाळ्यांत सांपडून तो सगळ्या नद्यांतून मारला गेला. १९७५ च्या सुमारास रानांत उरलेल्या घडियालांची संख्या दोनशेंच्या आंत आली होती, असा अंदाज आहे. त्या वर्षीं सरकारनें मगर-संरक्षणाची योजना सुरू केली, १९७८ व १९७९ या दोन सालांत मध्यप्रदेश, उत्तरप्रदेश व राजस्थान या तीन राज्यांनीं मिळून चंबळेचा चारशें किलोमीटरांहून लांब पट्टा अभयारण्य केला, आणि मुरैनाजवळ देवरी येथें घडियालांची जोपासना होऊं लागली. नदीकांठचीं अंडीं गोळा करावयाचीं, उबवावयाचीं, पिल्लें हौदांत वाढवून सुमारें सव्वा मीटर लांबीचीं झालीं म्हणजे नदींत सोडावयाचीं, असा हा उद्योग आहे. आज एकट्या चंबळेंत दोन हजारांवर घडियाल मोजले जातात. जगांतल्या रानटी घडियालांपैकीं बहुतेक येथेंच आहेत. सारी पुंजी एका पेढींत ठेवण्याचा धोका २००७-०८ च्या हिवाळ्यांत दिसून आला. कांहीं महिन्यांत शंभरांहून अधिक घडियाल मेले. त्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळलीं, आणि संशय यमुनेंतून वर येणाऱ्या विषारी माशांवर गेला.

पण संरक्षणाचें श्रेय सगळें कायद्याला देतां येत नाहीं. बीहडांत शतकानुशतकें बंडखोर राहत आले. त्यांना तेथले लोक डाकू न म्हणतां बागी म्हणतात, आणि या एका शब्दांत त्या मुलखाचा अर्धा इतिहास आहे. १९६० सालीं विनोबा पायीं चालत या घळींत गेले आणि वीस जणांनीं त्यांच्यापुढें शस्त्रें ठेविलीं. १९७२ सालीं जौऱ्यास जयप्रकाश नारायण यांच्या समक्ष याहून पुष्कळ मोठें शरणागमन झालें. तरी कांहीं टोळ्या एकविसाव्या शतकापर्यंत राहिल्या. मुरैना जिल्ह्यांतील बटेसरच्या सुमारें दोनशें लहान देवळांची गोष्ट या दृष्टीनें मनोरंजक आहे. प्रतिहारकालीन हीं देवळें केवळ दगडांचा ढीग होऊन पडलीं होतीं. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी के. के. मुहंमद यांनीं २००५ च्या सुमारास तीं दगडावर दगड रचून पुन्हां उभीं करावयास आरंभ केला. त्या वेळीं त्या रानांत निर्भय गुर्जर याच्या टोळीचें राज्य होतें, आणि मुहंमद यांनींच सांगितल्याप्रमाणें, हे देऊळ तुमच्याच गुर्जर-प्रतिहार पूर्वजांचें आहे असें पटविल्यावर त्या टोळीनें कामास आडकाठी केली नाहीं. पुढें टोळी मारली गेली आणि डाकूंच्या भयानें लांब राहिलेले दगडाच्या खाणींचे ठेकेदार देवळांजवळ सुरुंग लावूं लागले.

यावरून डाकू बरे होते असें म्हणणें हा त्यांच्या हातून विधवा झालेल्या स्त्रियांचा अपमान होईल. परंतु जें भयानें राखलें होतें तें भय गेल्यावर कोण राखणार, याचें उत्तर आधीं ठरविलें गेलें नव्हतें, हेंहि तितकेंच खरें. अभयारण्यांत वाळू काढण्यास बंदी आहे, तरी वाळूनें भरलेले ट्रॅक्टर रात्रीं मुरैना आणि धोलपूरच्या रस्त्यांवर धांवतात. २०१२ सालीं मुरैना जिल्ह्यांत चोरीचा दगड नेणाऱ्या ट्रॅक्टरला अडवूं गेलेला एक तरुण पोलीस अधिकारी त्याच ट्रॅक्टरखालीं चिरडला गेला. वर १९६० चें गांधीसागर, १९७० चें राणा प्रताप सागर, १९७२ चें जवाहर सागर आणि कोट्याचा बंधारा यांनीं पाणी अडविलेलें आहे. उन्हाळ्यांत कोट्याखालीं नदी वाहते ती मुख्यतः पार्वती आणि काळीसिंध यांच्या जिवावर. धरणांनीं कोरड्या शेतांना पाणी दिलें, त्यांना दोष देणें सोपें नाहीं. वाळूचा खप मात्र शहरांत आहे. ज्या शहरांतून आपण मानमंदिराची नीलवर्ण बदकें पाहून परततों, त्याच शहरांतील नव्या इमारतींच्या भिंतींत खऱ्या बदकांचा कांठ कालविला जात आहे.

ज्यांना ही नदी पाहावयाची असेल त्यांनीं नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत जावें. आग्र्याहून ग्वाल्हेरीस जातांना धोलपूर आणि मुरैना यांच्यामध्यें राजघाटाजवळचा पूल लागतो. तेथून होडीनें नदी उतरतां येते. सकाळचें धुकें विरलें, कीं वाळूवर पडलेलीं लाकडें हळूहळू घडियाल होतात.

देवरीच्या हौदांतील पिल्लें आतां चंबळेपुरतीं राहिलेलीं नाहींत. सिंधूच्या परिवारांतून घडियाल केव्हांच नाहींसा झाला होता. २०१७ सालीं मुरैनाहून पंजाबांत नेलेलीं कांहीं पिल्लें व्यास नदींत सोडण्यांत आलीं.